मोजले पंधरा, निघाला कवड्या

सापांच्या काती बघून कुठला साप ते मी वहीत नोंदवतो. त्यातल्या सहा मण्यारींपैकी चार काल खोडल्या. चौदा नंबरच्या कातीनं सगळा घोळ उघडा पाडला.

फेरी नेहमीचीच, जुन्या गावठाणातली. 1993 च्या भूकंपानंतर गाव नव्या जागी गेलं, तेव्हापासून इथं पडक्या भिंती, दगडांचे ढीग आणि बोरी-बाभळी. पावसाला सुरुवात झाली की काती राहत नाहीत, म्हणून सध्या रोज सकाळी चक्कर असते. एका वाड्याच्या कोनाड्यात ही मिळाली, शेपटीसकट अख्खी! अशी दोन वर्षांत पहिलीच. गुळगुळीत खवले. तिरप्या रेषेत मोजले, 15 ओळी. मण्यार लिहिणारच होतो, तेवढ्यात शेपटीची खालची बाजू दिसली. खवले दुभागलेले. मण्यारीचे तिथं अखंड असतात.

परत मोजलं, 15. पोटाखालच्या रुंद पट्ट्यांलगतची ओळ सुटली का? नाही. कात मोज्यासारखी उलटी निघते, त्यात काही गफलत? तीही नाही. पाचव्यांदा मोजताना एक आजोबा शेळ्या घेऊन आले. "काय हुडकायलास रे? त्यानं टाकून दिलंय, तू कशाला मोजायलास?" उत्तर सुचलं नाही.

घोळ मोजण्याच्या जागेत होता. बहुतेक वेळा शेपटीकडचाच तुकडा हाती लागतो, म्हणून तिथूनच मोजायची सवय लागली. कवड्या म्हणजे मण्यारीसारखा दिसणारा बिनविषारी साप. त्याला अंगाच्या मध्यावर 17 ओळी असतात, मागं जाता जाता 15 होतात. मण्यारीला पुढून मागपर्यंत 15. मध्यावर मोजलं, 17 भरल्या. पाठीच्या मधल्या ओळीत मण्यारीचे मोठे षटकोनी खवलेही नव्हते. मागच्या वेळी तुम्हा सगळ्यांना "आधी मधली ओळ बघा" असं मीच लिहिलं होतं, हे मुकाट्यानं मान्य करतो.

मग रात्री जुने फोटो काढून बसलो. दोन कातींत षटकोनी खवले स्पष्ट दिसतात, त्या मण्यारी पक्क्या. उरलेल्या चार म्हणजे शेपटीकडचे तुकडे, खालच्या बाजूचा फोटोच नाही. वरचे फोटो मोबाइलला चिमट्यानं लावायच्या मॅक्रो लेन्सचे, मधे जरा बरे आणि कडेला नुसतं धुकं. कुणी घेणार असेल तर घेऊ नका. सराफ वापरतात ते दहा पटीचं भिंग आणि खाली काळं कार्डशीट, एवढ्यात काम भागतं. काती मी उचलून आणत नाही, त्यामुळे फोटो वाया गेला की नोंदही गेली.

हे लिहिता लिहिता सुचलं: कवड्या पालींच्या मागं भिंती चढतो, मण्यार जास्त करून जमिनीलगत. कात किती उंचीवर होती याचा रकाना वहीत नाहीच. पुरावा नाही तो, पण इशारा नक्की. आजपासून टेप बरोबर.

पुढच्या आठवड्यात नव्या गावातले गोठे बघायला घेणार होतो. ते आता मागं. आधी चारही जागा परत. सात नंबरची कात दगडाखाली दाबून ठेवली होती, उद्या सकाळी तिथूनच सुरुवात.