ग्रामसभेआधीचे सात दिवस

ग्रामसभेची नोटीस किमान सात दिवस आधी निघते. पाटण असो की तासगाव, बहुतेक गावांत हे सात दिवस वाया जातात. मग सभेत गटार, दिवाबत्ती आणि जुनी भांडणं एवढंच होतं, कारण पंचायतीच्या कामांचे आणि पैशाचे आकडे पुढं बसलेल्या दोघातिघांकडंच असतात. खरं तर ते फोनवर कुणालाही दिसतात. ते वाचून, गावाच्या भाषेत मांडून सभेआधी घराघरात पोचवणं, याच्याइतकं स्वस्त आणि कामाचं राजकीय शिक्षण मला तरी दुसरं दिसत नाही.

सुरुवात ई-ग्रामस्वराज या केंद्र सरकारच्या पंचायतींसाठीच्या संकेतस्थळापासून करावी. अहवाल पाहायला लॉगिन लागत नाही. नियोजनाच्या अहवालांत मंजूर कृती आराखडा मिळतो. वर्ष, राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडत गेलं की कामांची यादी आणि प्रत्येकाची अंदाजित रक्कम समोर येते. पहिली अडचण इथंच येते. गावाचं नाव इंग्रजीत असतं आणि स्पेलिंग आपण लिहितो तसं असेलच असं नाही. वडगाव, शिरगाव अशी नावं तर अनेक तालुक्यांत आहेत. पाटण-जावळीच्या डोंगरातल्या वाडीचं नाव सापडत नसेल तर ती ज्या गट ग्रामपंचायतीत आहे, तिचं नाव शोधावं.

मग पैसा कुठल्या कामासाठी म्हणून आला ते बघायचं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत 2021-22 पासून 60 टक्के बंधित (ठरवून दिलेल्या कामांसाठीच) आणि 40 टक्के अबंधित (गाव ठरवेल त्या कामांसाठी) अशी वाटणी होती. बंधितातला निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. म्हणजे पंचायतीला 10 लाख आले तर 3 लाख पाणी, 3 लाख स्वच्छता, 4 लाख गावाच्या इतर गरजा. हे एवढं गणित गावाला कळलं तरी सभेचा सूर बदलतो. ‘पाण्याच्या पैशातनं पथदिवे का नाही बसवले?’ हा प्रश्न गळतो आणि ‘अबंधितातनं पथदिवे का नाही धरले?’ हा नेमका प्रश्न उभा राहतो.

सगळ्यात घातक चूक इथंच होते, म्हणून जरा थांबतो. आराखड्यातली रक्कम म्हणजे झालेला खर्च नव्हे. काम एका वर्षाच्या आराखड्यात असतं आणि बिल पुढच्या वर्षात निघू शकतं. आराखड्याचा स्क्रीनशॉट टाकून ‘5 लाख खाल्ले’ असं कुणी लिहिलं की सभेत पुरावा टिकत नाही, बदनामी झालेला माणूस खवळतो आणि पुढचे खरे प्रश्नही कुणी ऐकत नाही. म्हणून आराखडा आणि जमा-खर्चाचा अहवाल शेजारी शेजारी ठेवून वाचावा. फरक दिसला तर आरोप न करता विचारावं: ‘या कामाची मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहिलेली वही, सभेत दाखवाल का?’

व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ग्रुप असावेत. एकात फक्त अ‍ॅडमिन लिहितील, दुसऱ्यात चर्चा. एकच ग्रुप ठेवला तर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली आराखडा गाडला जातो. अ‍ॅडमिन तीन-चार हवेत, वेगवेगळ्या पॅनेलचे आणि भावकीचे, त्यांत बचत गटातली एक ताई. एकाच पॅनेलच्या हातात ग्रुप गेला की निम्मं गाव बाहेर पडतं. लांबलचक पीडीएफ टाकू नये. कामाचं नाव, ठिकाण, रक्कम, एवढं एका चित्रात, सोबत दीड मिनिटाचा आवाजी निरोप, कारण वाचता न येणाऱ्या आजींनाही मत आहे. फॉरवर्ड होऊन आलेलं सरकारी योजनेचं पत्र मूळ संकेतस्थळावर सापडेपर्यंत पुढं पाठवू नये.

ग्रुपवर निरोप टाकायची वेळ ठरवावी, डेअरीला दूध घालून झाल्यावरची. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात 2022 पासून संध्याकाळी 7 ला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद राहतात. गावानं मिळून ठरवलं तर फोनलाही शिस्त लागते, हे सांगली जिल्ह्यात दिसलेलं आहे.

ग्रुपवरचा पोल म्हणजे ठराव नाही. घरात फोन एक असतो आणि तो बहुधा गड्याच्या खिशात, त्यामुळं पोलमध्ये बायकांचं मत येतच नाही. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. ती टाळली जात असेल तर आधी तीच मागावी. माहितीचा तोच कागद छापून डेअरी, गिरणी आणि रेशन दुकानात चिकटवावा.

गणपूर्तीसाठी, म्हणजे सभा भरायला लागणाऱ्या किमान हजेरीसाठी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली कमी असेल ती संख्या लागते. तेवढी माणसं न आल्यानं सभा तहकूब झाली, तर पुढच्या सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. मग मोजक्या माणसांतच ठराव उरकतात. म्हणून आदल्या रात्री ग्रुपवर शेवटचा निरोप एवढाच असावा: उद्या किती वाजता, कुठं, आणि आपले तीन प्रश्न कोणते. तीनपेक्षा जास्त नकोत. प्रत्येक प्रश्न कोण विचारणार तेही आधी ठरवावं.

सभेनंतर ठराव क्रमांक ग्रुपवर नोंदवावा. इतिवृत्ताची प्रत मागूनही मिळाली नाही तर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून ग्रामपंचायतीच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडं माहिती अधिकाराचा अर्ज द्यावा. अर्ज एकाच विषयावर, 150 शब्दांच्या आत. पोच घ्यायला विसरू नये, कारण 30 दिवसांची मुदत अर्ज पोचल्यापासूनच मोजली जाते.