हॅमिल्टनची वकिली पत्रं : साडूचा पैसा, बँक आणि मेडन लेनची ब्रुअरी

मंडळी, सध्या अलेक्झांडर हॅमिल्टनची (पुढे अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री झाला तो) १७८३-८४ मधली व्यवहाराची पत्रं वाचतोय. राजकारणाची पत्रं मुद्दाम बाजूला ठेवली आहेत. ती सगळेच वाचतात. मला बघायचा होता तो सनद मिळून फार दिवस न झालेला, न्यूयॉर्कमध्ये बस्तान बसवणारा वकील.

सनद त्याला १७८२ मध्ये मिळाली. तीन वर्षांच्या उमेदवारीची अट अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्यांसाठी शिथिल झाली होती. तिचा फायदा घेऊन त्यानं काही महिन्यांतच अभ्यास उरकला आणि अभ्यासासाठी न्यायालयीन कामकाजाची टिपणवहीही तयार केली.

या टप्प्यातलं सगळ्यात रसाळ पत्र १० मार्च १७८४ चं, जॉन बार्कर चर्चला लिहिलेलं. चर्च हा हॅमिल्टनचा साडू, अँजेलिका स्कायलरचा नवरा. जेरेमाया वॉड्सवर्थच्या भागीदारीत फ्रेंच फौजेला रसद पुरवून त्यानं बक्कळ पैसा केला होता आणि आता तो युरोपात होता. त्याचे इथले व्यवहार हॅमिल्टन बघायचा. न्यूयॉर्क राज्याचा चॅन्सेलर, म्हणजे एक वरिष्ठ न्यायाधीश, लिव्हिंगस्टन जमिनीच्या तारणावर बँक काढू पाहत होता. ही बँक म्हणजे परीस, आपले खडक नि झाडं त्यानं सोन्याची होतील, असं विधिमंडळातल्या ग्रामीण भागाच्या प्रतिनिधींना वाटू लागलंय, असं हॅमिल्टन लिहितो. मग व्यापाऱ्यांना गाठून त्यानं त्या योजनेविरुद्ध वातावरण तयार केलं. झालं असं, की त्याच व्यापाऱ्यांनी रोख भांडवलाची स्वतःची बँक काढायचं ठरवलं आणि त्यालाही भाग घ्यायला सांगितलं! चर्चच्या मनातली बँक तर वेगळीच होती. काय करावं असा पेच पडला, पण शेवटी त्यांच्यात सामील होणंच बरं वाटलं, असा खुलासा तो साडूला देतो. ही बँक ऑफ न्यूयॉर्क. हॅमिल्टन तिचा संचालक झाला, घटनाही त्यानंच लिहिली. एकाच पत्रात वकील, मुखत्यार, नातेवाईक आणि बँकर असे चौघे बोलतात. म्हणून मला ही ‘कोरडी’ समजली जाणारी पत्रं भाषणांपेक्षा मोलाची वाटतात.

सोबत रटगर्स विरुद्ध वॉडिंग्टन खटल्याची कागदपत्रं लावली आहेत. एलिझाबेथ रटगर्स ही विधवा १७७६ मध्ये शहर सोडून गेली. मेडन लेनवरची तिची ब्रुअरी ब्रिटिश ताब्याच्या काळात इतरांनी चालवली. शहर सोडून गेलेल्यांना त्यांची मालमत्ता वापरणाऱ्यांकडून भरपाई मागू देणाऱ्या १७८३ च्या ट्रेसपास ॲक्टखाली तिनं ८,००० पौंड मागितले. हॅमिल्टन प्रतिवादी वॉडिंग्टनचा वकील, म्हणजे लोकांच्या रोषाच्या बाजूला. युद्धाचे आंतरराष्ट्रीय नियम आणि ब्रिटनशी झालेला शांततेचा तह राज्याच्या कायद्यानं बाजूला सारता येत नाहीत, हा त्याचा मुद्दा. ऑगस्ट १७८४ मध्ये महापौर जेम्स डुएनच्या न्यायालयानं मधला मार्ग काढला : १७८० नंतरचा ताबा ब्रिटिश सरसेनापतीच्या परवानगीचा, म्हणून माफ, त्याआधीचं भाडं मात्र द्यायचं. ज्यूरीनं सुमारे ७९१ पौंड ठरवले.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. रकमा दिसल्या की आधी गाव बघा. तेव्हा चालणाऱ्या एका स्पॅनिश डॉलरला (चांदीचं नाणं) न्यूयॉर्कमध्ये ८ शिलिंग, फिलाडेल्फियात साडेसात, बोस्टनमध्ये ६. हे धरलं नाही तर कुठलाच हिशेब जुळत नाही. दुसरं, समुद्रापारच्या हुंड्या तीन-तीन प्रतींत निघायच्या आणि वेगवेगळ्या जहाजांनी जायच्या, कारण जहाज बुडण्याची भीती कायमच. त्यातली एक वटली की बाकीच्या रद्द. तेव्हा एकाच मजकुराच्या ‘पहिल्या’ आणि ‘दुसऱ्या’ हुंडीचा उल्लेख आला, तर दोन व्यवहार मोजू नका.

पुढे ब्रिटिश सावकारांच्या वसुलीची पत्रं घेणार आहे. १७८३ च्या तहाचं चौथं कलम सांगतं की दोन्हीकडच्या सावकारांना येणं वसूल करायला कायदेशीर आडकाठी नसावी. त्यावरून झालेला वेअर विरुद्ध हिल्टन खटला सर्वोच्च न्यायालयानं १७९६ मध्ये निकाली काढला. त्यात व्हर्जिनियातल्या ऋणकोंच्या बाजूनं उभा राहून हरलेला वकील म्हणजे जॉन मार्शल, पुढचा सरन्यायाधीश. व्हर्जिनियातली व्यापारी पत्रं कुणी वाचत असेल, तर तिथल्या तंबाखूच्या हिशेबांबद्दल जरूर लिहा.