दातांचे डॉक्टर आणि पत्र्याचं कपाट

चिपळूण, रविवार, रात्री

आज डॉक्टरांची शोकसभा झाली. प्रत्येकाने आपापल्या वाटणीचे डॉक्टर सांगितले. भजनी मंडळाने पेटीवाले, पक्षी बघणाऱ्या पोरांनी दुर्बीणवाले, शाळेच्या बाईंनी ग्रहणवाले. 'अष्टपैलू' हा शब्द इतक्यांदा आला की शेजारी बसलेल्या काकू, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, माझ्याकडे न बघताच पुटपुटल्या, "पैलू मोजायला आमच्याकडे राहायला होते वाटतं!"

मला बोला म्हणाले होते, पण मी टाळलं. लोकांसमोर मला नीट मांडता येत नाही. इथे लिहितो.

सभेत जी यादी वाचली गेली ती चुकीची नव्हती. पेटी, फोटो, पक्षी, बिबट्यांचे ठसे, आकाशदर्शन, पाऊस मोजणं, हे सगळं त्यांनी केलंच. पण ऐकताना असं वाटत होतं, की हा माणूस दवाखान्याला कुलूप लावून रोज वेगळ्या दिशेला पळत असणार. तसं नव्हतं. सगळे छंद दवाखान्यातल्या त्या हिरव्या पत्र्याच्या कपाटातूनच बाहेर पडले होते. शाळेच्या सुट्ट्यांत मी तिथे प्लास्टर कालवायला आणि चांदी घोटायला असायचो, त्यामुळे कपाट मला पाठ आहे.

मुंबईच्या नायर डेंटल कॉलेजातून शिकून त्यांनी 1971 साली चिंचनाक्याजवळ दवाखाना थाटला. पावसाळ्यात विजेचा भरवसा नसे, म्हणून पायाने चालवायचं ड्रिल होतं. उजवा पाय पट्टीवर, डावा जमिनीवर, आणि पेशंटचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून तोंडाने अखंड बडबड. चांदी भरायची म्हणजे चांदीची पूड आणि पारा काचेच्या खलात घोटायचा, मग फडक्यातून पिळून जादा पारा काढायचा. मला घोटायला देत, पण पाऱ्याला बोट लावू देत नसत. सांडलेला, उरलेला पारा एका बरणीत, फिक्सरखाली, म्हणजे एक्स-रे धुवायच्या वापरलेल्या रसायनाखाली, बुडवून ठेवायचे. त्या काळी एवढी काळजी किती जण घेत होते कोण जाणे.

प्लास्टर तर कायम पोत्याने असे. कवळीसाठी जबड्याचा साचा घ्यायचा तो त्याचाच. बिबट्याच्या ठशांचं वेड तिथून लागलं. खेंडीत एका पेशंटच्या गोठ्यामागे ओल्या मातीत ठसा दिसल्याचं कळलं, की हे स्कूटरवर प्लास्टरचा डबा, पाण्याची बाटली आणि पुठ्ठ्याच्या पट्ट्या घेऊन हजर. पट्टीचं कडं ठशाभोवती रोवायचं, घोळ हळूच एका बाजूने सोडायचा, म्हणजे हवेचे बुडबुडे राहत नाहीत. घट्ट झाल्यावर ब्रशने माती झाडायची. जबडा असो वा पंजा, कृती तीच. फरक एवढाच, की बिबट्या "डॉक्टर, किती वेळ?" असं विचारत नाही, हा त्यांचाच विनोद, आणि तो आम्ही फार वेळा ऐकला.

पेटीचंही तसंच. पेटीतला सूर म्हणजे पितळेची पातळ पट्टी. टोकाकडे खरवडली की स्वर चढतो, बुडाकडे खरवडली की उतरतो. यांच्याकडे दातांवरचा थर काढायची हत्यारं डझनावारी. आसपासच्या गावांतल्या भजनी पेट्या दुरुस्तीला येऊ लागल्या. वाजवायचे मात्र बेताचंच. आज मंडळवाल्यांनी 'उत्तम वादक' म्हटलं, ते मेलेल्या माणसाबद्दल बोलायची रीत म्हणून. ठेक्यात पुढे पळायचे. दुरुस्त करण्यातच त्यांना गोडी होती. पेटी सुरात आली की तिच्यातला त्यांचा रस संपायचा.

तोंडात बघायचा छोटा आरसा आणि बॅटरी घेऊन ते तांबट पक्ष्याच्या ढोलीतही डोकावायचे. विणीच्या काळात असं डोकावणं बरं नव्हे, हे पुढे पक्षीवाल्यांनीच सांगितलं. त्या दिवसापासून आरसा पुन्हा माणसांपुरता. मग ककणेर धनेशाची ढोली लांबूनच, दुर्बिणीतून. मादी स्वतःला आत लिंपून घेते आणि नर फटीतून फळं भरवतो, हे सांगताना ते काकूंकडे बघायचे आणि काकू दुसरीकडे.

आता ग्रहण. 16 फेब्रुवारी 1980, शनिवार. खग्रासचा पट्टा कारवार-अंकोल्यावरून जाणार होता. दवाखान्यावर पाटी लावून हे एसटीने निघाले, पणजी, कारवार करत अंकोल्याला. सोबत पूर्ण काळ्या केलेल्या फिल्मचे दोन थर डोळ्यांसाठी. (आज कुणी असं करू नये, चांगले चष्मे मिळतात.) दोन-तीन मिनिटांचा अंधार. रोल धुतल्यावर पाहिलं तर सूर्याचे फोटो मोजके, आणि बाकी सगळे वर बघणाऱ्या लोकांचे. बहुतेकांची तोंडं उघडी. काकू अजून म्हणतात, "एवढा खर्च करून गेले आणि दातच बघून आले."

सभेत जे कुणी बोललं नाही ते फोटोंबद्दलचंच. एक्स-रे धुवायला दवाखान्यात काळोखी खोली होतीच, तिथेच रोल धुवायचे. पुढे त्यांनी कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायची कडी आणली, जवळून फोटो काढण्यासाठी. पावसाळी रानफुलं, चतुर, कोळी, सगळं काढलं. पण ती कडी सगळ्यात जास्त वापरली गेली ती मशेरीसाठी. आमच्याकडच्या बायका दातांना मशेरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावायच्या, अजूनही लावतात. गालाच्या आत, हिरडीच्या बाजूला पांढरा चट्टा दिसला की डॉक्टर फोटो काढायचे आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलवायचे. दोन्ही फोटो शेजारी ठेवून त्या बाईला दाखवायचे. भाषण नाही. "हे शिमग्यातलं, हे गणपतीतलं. वाढलंय की नाही ते तूच सांग." वाढलेलं असलं तर परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलसाठी चिठ्ठी, शिवाय एसटीच्या वेळा कागदाच्या मागे लिहून. कुणी गेल्या, कुणी गेल्या नाहीत. न गेलेल्यांच्या घरी हे रविवारी स्कूटर घेऊन जायचे, गळ्यात दुर्बीण अडकवून, पक्षी बघायला आलो असं दाखवत.

या सगळ्याची किंमतही होती, आणि ती काकूंनी भरली. नंबर लावणं, पैसे घेणं, डॉक्टर धनेशाच्या झाडाखाली असताना सुजल्या गालाच्या माणसाला चहा पाजून थोपवणं, हे त्यांचं काम. त्यांचा स्वतःचा छंद कुठला, हे आज कुणी विचारलं नाही. मलाही ठाऊक नाही.

22 जुलै 2021 च्या पुरात वशिष्ठीचं पाणी दवाखान्यात शिरलं, ते 2005 च्या अनुभवावरून उंच फळीवर ठेवलेल्या वस्तूंपर्यंतही पोहोचलं. पेट्या गेल्या, ठसे विरघळल्यासारखे भुसभुशीत झाले. निगेटिव्ह मात्र त्यांनी सुकू दिल्या नाहीत. चिखलासकट सुकल्या की एकमेकींना चिकटतात. स्वच्छ पाण्याच्या बादल्यांत ठेवून एकेक पट्टी धुतली आणि गच्चीवर दोरीला चिमट्यांनी टांगली. तेव्हा ते पंच्याहत्तरीच्या पुढे होते. गावात प्यायच्या पाण्याची मारामार आणि यांच्याकडे बादल्या फिल्मच्या. शेजारी चिडले होते, आणि ते चिडणं रास्त होतं.

त्यातल्या वाचलेल्या पाकिटांचाच आज प्रश्न आहे. दुर्बीण पोरांना द्यायची, पावसाच्या नोंदींच्या वह्या शाळेला, यावर काकू आणि मी एकमतात. तोंडांच्या फोटोंवर नाही. प्रत्येक पाकिटावर नाव, गाव, तारीख. काकूंचं म्हणणं, बायांनी विश्वासाने तोंड उघडलं ते डॉक्टरांपुढे, ते संपलं, आता जाळून टाक. मी म्हटलं, नावं काढून एखाद्या डेंटल कॉलेजला देऊ, शिकणाऱ्या पोरांना एकाच तोंडाचे इतक्या वर्षांचे फोटो कुठे मिळणार? "त्यांतल्या निम्म्या बाया अजून बाजारात भेटतात मला," काकू म्हणाल्या, आणि कपाटाची किल्ली पदराला बांधून झोपायला गेल्या. उद्या दुपारच्या गाडीआधी पुन्हा विषय काढणार आहे. त्या ऐकतील असं वाटत नाही, आणि त्यांचं पूर्ण चूक आहे असंही म्हणवत नाही.