सणासाठी पाळी पुढे ढकलताना

श्रावण सरत आला की औषधांच्या दुकानात पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांची मागणी हमखास वाढते. गौरी-गणपती, पाठोपाठ नवरात्र, मध्येच एखादा सत्यनारायण; त्या दिवसांत अडचण नको म्हणून ही तजवीज केली जाते. फार्मसिस्ट म्हणून काउंटरवर उभी असताना मला दिसते ते असे, की गोळी घेणारी बाई बहुधा आलेलीच नसते. मुलगा किंवा दीर मोबाईलवरचा फोटो पुढे करून "दहा द्या" म्हणतो, आणि वय, रक्तदाब, डोकेदुखी यांविषयी विचारले तर गोंधळतो. शिवाशीव पाळावी की नाही हा ज्या त्या घरचा प्रश्न आहे (देवाची हरकत असेल असे मला स्वतःला वाटत नाही); मला लिहायचे आहे ते गोळीविषयी.

या गोळीतले औषध म्हणजे नॉरएथिस्टेरॉन. 1951 मध्ये मेक्सिको सिटीतील सिंटेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत ते प्रथम तयार झाले आणि पुढे गर्भनिरोधक गोळ्यांतही वापरले गेले. पाळी लांबवण्यासाठी ते सहसा 5 मिलिग्रॅमच्या मात्रेत दिवसातून तीनदा, पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून दिले जाते. त्याचा थोडा भाग शरीरात इथिनिल इस्ट्राडिऑल या इस्ट्रोजेनमध्ये (स्त्री-संप्रेरकाच्या कृत्रिम रूपात) बदलतो. माला-एन या सरकारी गर्भनिरोधक गोळीत 30 मायक्रोग्रॅम असते ते हेच इस्ट्रोजेन, आणि दिवसाला 15 मिलिग्रॅम नॉरएथिस्टेरॉन पोटात गेल्यास तयार होणारे प्रमाण जवळपास एखाद्या नेहमीच्या संयुक्त (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन ही दोन संप्रेरके असलेल्या) गर्भनिरोधक गोळीइतके भरते. तरीही "वजन वाढेल, पुढे मूल होणार नाही" म्हणून माला-एनला नकार देणारी बाई सणाची गोळी निःशंकपणे घेते. वास्तविक संयुक्त गोळी बंद केल्यावर गर्भधारणेची क्षमता लवकर परतते. त्यासाठी काही महिने थांबावे लागते ते दर तीन महिन्यांनी घ्यायच्या 'अंतरा' या गर्भनिरोधक इंजेक्शननंतर.

इस्ट्रोजेनचा खरा धोका आहे तो शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा. युरोपीय औषध संस्थेच्या आढाव्यानुसार, गर्भवती नसलेल्या आणि अशी गोळी न घेणाऱ्या 10,000 स्त्रियांमागे वर्षाला साधारण 2 जणींना गुठळी होते. लिव्होनॉरजेस्ट्रेल किंवा नॉरएथिस्टेरॉन हे प्रोजेस्टोजेन असलेल्या संयुक्त गोळीवर ती संख्या 5 ते 7, तर डेसोजेस्ट्रेल किंवा ड्रोस्पिरेनॉन असलेल्या गोळीवर 9 ते 12 होते. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत धोका याहूनही अधिक असतो, त्यामुळे निरोगी तरुणीने या आकड्यांना घाबरून गर्भनिरोधक गोळी टाकून देण्याचे कारण नाही. दीर्घकाळ घेतलेली संयुक्त गोळी बीजकोशाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची शक्यता कमीही करते. मात्र पूर्वी गुठळी झालेली, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसून अर्धशिशी उठणारी, पस्तिशीनंतर धूम्रपान करणारी, रक्तदाब चढा असलेली किंवा नुकतीच बाळंत झालेली स्त्री यांचे गणित वेगळे असते, आणि मोबाईलवरच्या फोटोत यातले काहीही दिसत नाही.

सणात आणखी एक भर पडते. मुंबईहून कोकणात जाणारी बस महामार्गावर अडकली की दहा-बारा तास पाय खाली सोडून बसून राहावे लागते, आणि वाटेत सोय नसते म्हणून बायका पाणीही पीत नाहीत. ताटकळत बसून केलेला चार तासांहून लांबचा प्रवास स्वतःच गुठळीची शक्यता वाढवतो. वाटेत उतरून चालावे, बसल्या जागी पावले वरखाली करावीत आणि पाणी पिणे टाळू नये.

गोळी थांबवल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. गौरी गेल्या तरी पूजा उरली आहे म्हणून गोळ्या मनाने वाढवू नयेत, डाग दिसला म्हणून दुप्पटही करू नयेत. अशा रीतीने घेतलेली ही गोळी गर्भनिरोधक म्हणून धरता येत नाही. त्या काळात संबंध आल्यास निरोध वापरावा, आणि गोळी थांबवूनही पाळी आली नाही तर गर्भधारणेची तपासणी करावी.

गोळी चालू असताना किंवा नुकती थांबवलेली असताना एकाच पोटरीत दुखून सूज आली, अचानक धाप लागली, छातीत दुखले किंवा कधी नव्हे इतके डोके दुखून दिसेनासे झाले, तर सण बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालयात जावे. तेथे गोळीचा उल्लेख आपणहून करावा, कारण "काही औषध चालू आहे का?" या प्रश्नाला बहुतेक जणी "नाही" असेच उत्तर देतात, सणासाठी घेतलेली गोळी त्यांच्या लेखी औषधात मोडत नाही.