काळोख पडलो काय?

ठाण्यातल्या सावंतवाडीकरांचं आमचं मंडळ दर जानेवारीत स्नेहसंमेलन घ्यायचं. जागा ठरलेली, तलावपाळीच्या, म्हणजे मासुंदा तलावाच्या, मागच्या बाजूला एका शाळेचा हॉल. सकाळी सत्यनारायण, मग दहावी पास झालेल्यांना वह्या, मग अध्यक्षांचं भाषण. आम्ही पोरं ते सगळं आंबोळी आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याच्या आशेवर सोसायचो.

जेवणं आटोपली की नाना कोपऱ्यात सतरंजीवर बसत आणि रंगीत लाकडी डबा उघडत. आत दशावतारी गंजिफा. गोल पत्ते, एकूण १२०. अवतार १०, प्रत्येकाचा एक राजा, एक प्रधान आणि १० आकडी पाने. तिघांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला ४०! आमच्या हातातून ते चकत्यांसारखे घरंगळत जायचे. मत्स्याची पानं माशांवरून, परशुरामाची कुऱ्हाडीवरून ओळखायची, इथवर ठीक. पण अर्ध्या अवतारांत दश्शी भारी आणि अर्ध्यांत एक्का, हे डोक्यात शिरायला मला तीन संमेलनं लागली.

पत्ते पिसता पिसता नानांचं सावंतवाडीच्या राजवाड्याचं पुराण चालायचं. तिथले राजे तिसरे खेम सावंत यांच्या काळचा (१७५५ ते १८०३) हा वाडा, जांभ्या दगडाचा, समोर मोती तलाव. गंजिफा रंगवणारे संपत आले होते. तेव्हा शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवींनी गावातल्या एका म्हाताऱ्या चिताऱ्याकडून ती कला शिकून घेतली आणि १९७० च्या दशकात वाड्यातच कारागीर बसवले. मला वाटायचं, नाना वाढवून सांगतात. सातवीच्या सुट्टीत खोपटहून रात्रीच्या एसटीने गेलो, तर खरंच दरबार हॉलमध्ये माणसं मांडी घालून, पाठी वाकवून बसलेली. एकजण बारीक ब्रशने माशाला खवले काढत होता. सिंहासनाकडे मी बघितलंही नसेन, त्या खवल्यांकडेच बघत राहिलो.

हल्ली लोक गंजिफा फ्रेम करून भिंतीवर लावतात. मला काही ते पटत नाही. पत्ते आहेत, खेळा की!

आणि खेळायचे तर भांडण आलंच. नियम असा, की दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा त्याने पहिलं उतरायचं, रात्री कृष्णवाल्याने. आमच्या हॉलच्या खिडक्या नाटकासाठी पडदे लावून बंद केलेल्या. संध्याकाळचा डाव वाटला की हमखास तंटा, रात्र झाली की नाही? मग नाना मला पिटाळायचे, "रे, भायर जावन बघ, काळोख पडलो काय?"

मी धावत मासुंदा तलावापर्यंत जायचो, पाण्याकडे बघायचो आणि निकाल आणायचो. एका वर्षी निघताना कृष्णवाल्या काकांनी हळूच माझ्या खिशात मालवणी खाजाचा पुडा सारला. तलावावर चांगलं ऊन होतं. मी परत आलो आणि सांगितलं, "पडलो."