प्लेटोचे दोन वैद्य

या स्मरणिकेत बाकीचे स्नेहसंमेलन आणि खो-खोबद्दल लिहितीलच. मी ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोबद्दल लिहितो. दोष आमच्या नागरिकशास्त्राच्या सरांचा.

नववीत मूलभूत कर्तव्यांचा धडा मिटून त्यांनी प्लेटोचा ‘लॉज’, म्हणजे ‘कायदे’, सांगायला घेतला. उतारवयात लिहिलेला, बारा भागांचा ग्रंथ. अथेन्सचा एक, क्रीटचा क्लेइनियास आणि स्पार्टाचा मेगिलस असे तीन म्हातारे नोसॉसहून झ्यूस देवाच्या गुहेकडे पायी निघालेत आणि वाटेत नव्या नगराचे कायदे ठरवतायत. त्यात दोन वैद्य येतात. गुलामांचा वैद्य कारण न सांगता औषध फर्मावतो आणि पुढच्या रोग्याकडे पळतो. स्वतंत्र नागरिकांचा वैद्य रोग्याशी, घरच्यांशी बोलतो, त्यांच्याकडून स्वतःही शिकतो आणि रोग्याला पटल्याशिवाय औषध देत नाही. कायद्याने या दुसऱ्यासारखं वागावं, म्हणून प्लेटो कायद्याआधी प्रस्तावना घालतो. तिशी ते पस्तिशीत लग्न करा, नाहीतर दंड भरा, एवढं म्हणून तो थांबत नाही. माणसाला अमरत्वाची ओढ असते आणि ती मुलाबाळांतून पुरी होते, हेही समजावतो. मागच्या बाकांवर अर्थातच खसखस पिकली.

पुढे वकिलीत मला प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल जास्त उपयोगी पडला. तो म्हणतो, कायदा सरसकट बोलतो, प्रसंग मात्र एकेकटा येतो. तिथे कायदा करणारा स्वतः हजर असता तर काय म्हणाला असता, ते ओळखावं. लेस्बोस बेटावरच्या बांधकामातली शिशाची पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते, तसं. अथेन्समध्ये ही ओळखण्याची जबाबदारी साध्या माणसांवर होती. खटल्यांचा निवाडा करायला तिशी ओलांडलेले ६००० नागरिक दरवर्षी चिठ्ठ्या टाकून निवडत. कायद्याप्रमाणे, आणि कायदा नसेल तिथे स्वतःच्या न्यायबुद्धीने मत देऊ, अशी ते शपथ घेत. कायदा समजावून सांगणारा न्यायाधीश त्यांच्या डोक्यावर नसे.

‘लॉज’चा दहावा भाग मी वकील झाल्यावर वाचला. देव न मानणारा माणूस स्वभावाने सज्जन असला, तरी त्याला किमान पाच वर्षं सुधारगृहात ठेवायचं. तिथे कायद्यांची राखण करणाऱ्या ‘रात्रीच्या मंडळा’चे सभासद येऊन त्याला समजावणार. सुटल्यावर पुन्हा दोषी ठरला, तर मृत्युदंड. रोग्याकडून शिकणारा वैद्य इथे कुठे गेला?

सरांना हे विचारलं, तर म्हणाले, “नववीच्या पोरांना सगळंच सांगायचं नसतं रे.” मला ते पटलेलं नाही. सरांना माझा ॲरिस्टॉटल पटत नाही. शिशाची पट्टी वकिलांच्या हाती लागली की कुठेही वाकते, म्हणतात.