परसातली श्रावण-नोंद: अळसांद्यांच्या गाठी आणि तिसऱ्यांच्या शिंपल्या

पाऊस जरा उघडला तसं अळसांद्याचं (चवळीचं) एक रोप मुळासकट काढलं. ओढायचं नाही, खुरप्यानं माती सैल करायची, नाहीतर गाठी मातीतच राहतात. बादलीत मुळं धुतली तर मोहरीएवढ्या गाठींचे झुबके. एक नखानं चिरली, आत छान गुलाबी! म्हणजे हवेतला नायट्रोजन पकडणारे रायझोबियम जिवाणू कामाला लागलेत. हा रंग लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा. जिवाणूंना श्वासापुरता प्राणवायू मिळावा, पण नायट्रोजन पकडणारं विकर (एन्झाइम) त्यानं बिघडू नये, हा तोल ते सांभाळतं. गाठ आतून पांढरी किंवा हिरवट निघाली तर तिच्याकडून फारशी आशा ठेवू नये.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन असूनही भेंडी त्यातला कणही थेट घेऊ शकत नाही. म्हणून ‘भेंडीच्या बाजूला अळसांदे लाव, खत नको’ असा सल्ला प्रत्येक जण देतो. मला तो अर्धाच पटतो. उभं पीक बहुतेक नायट्रोजन स्वतःच वापरतं, बराचसा शेंगांत जातो. शेजाऱ्याला खरा लाभ होतो तो वेल कापून मुळं मातीत कुजू दिल्यावर.

आता सात शिरांच्या भेंडीकडे येतो. आपली जांभी माती आंबट. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात नायट्रेट, पालाश (पोटॅशियम), चुना सगळं वाहून जातं. उरतात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं, आणि ती स्फुरद (फॉस्फरस) धरून बसतात. स्फुरद मातीत असतो, पण मुळांच्या हाती लागत नाही. वरून सुपरफॉस्फेट हे स्फुरदाचं खत ओतलं तर त्यातलाही बराच तसाच अडकतो. म्हणून यंदा खताऐवजी आंबटपणावर हात घातला. शिंपल्या म्हणजे चुनाच, म्हणून स्वयंपाकघरातल्या तिसऱ्यांच्या (खाण्याच्या कालवांसारख्या जीवांच्या) शिंपल्या धुऊन, उन्हात वाळवून, कुटून, चाळून शेणखताबरोबर पावसाआधी एका वाफ्यात मिसळल्या. दुसरा वाफा शेणखतावरच ठेवला. पीएच कागदावर (आकडा जितका कमी तितकी माती आंबट) शिंपल्यांचा वाफा सहाच्या जवळ आलाय, दुसरा पाच-साडेपाचवर अडलाय. शिंपल्यांच्या बाजूची भेंडी डोळ्यांना दिसेल इतकी जोमदार आहे. भुकटी जितकी बारीक तितका परिणाम लवकर, जाड तुकडे वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात. मात्र हात आवरता ठेवा. चुना जास्त झाला की लोह मिळेनासं होतं, कोवळी पानं शिरांमधून पिवळी पडतात. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू झाला तर संशय नायट्रोजनवर घ्यायचा.

स्फुरद मातीत जेमतेम हलतो, त्यामुळे मुळांनाच त्याच्यापर्यंत जावं लागतं. त्यांचा पल्ला वाढवतात बुरशीचे धागे. हे मायकोरायझाचं जाळं तुटू नये म्हणून शिंपल्यांचा वाफा पुढच्या हंगामात खणणार नाही.

रविवारी सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावर, गेलो होतो. कातळावरच्या बोटभर मातीत सीतेची आसवे फुललीत, मध्ये मध्ये दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीची रोपं. त्यांच्या चिकट थेंबांवर चिलटं अडकलेली. नायट्रोजन आणि स्फुरद किड्यांतून, कार्बन मात्र आपल्या भेंडीसारखाच हवेतून. मांसाहारी म्हटलं तरी साखर त्यांना पानांतच रांधावी लागते.

आंब्यावरच्या सीतेच्या वेणीची (या ऑर्किडची) मुळं पावसाच्या सरीनंतर चंदेरीची हिरवी होतात, बघत राहावं असं. वरचं स्पंजासारखं आवरण पाणी शोषून पारदर्शक होतं आणि आतलं हरितद्रव्य दिसतं. ‘ती हवेवर जगते’ हे ऐकलं की मी वाद घालतो. खोडावरून ओघळणाऱ्या पाण्यात धूळ, कुजलेली पानं, पाखरांची शीट यांचा अर्क असतो, खनिजं त्यातून येतात. म्हणून पावसाळ्यात मी तिला काहीही देत नाही.

चवथ झाली की अळसांद्यांचे वेल जमिनीलगत कापून तिथेच तांबडी भाजी पेरायची आहे. तुमच्यापैकी कुणी शिंपल्यांऐवजी चुलीची राख वापरली असेल, तर पीएच किती चढला ते कळवा. राखेत पालाशही असतो, म्हणून तिसरा वाफा तिच्यासाठी मोकळा ठेवलाय.